शिवराई ओळखा, घासू नका

शिरूर आणि दौंड हे तालुके भीमा व घोड नद्यांच्या काठचे. १८१८ पर्यंत मराठी अमलाखालील या मुलखात तांब्याची शिवराई हे रोजच्या व्यवहाराचे नाणे होते. अशा ठिकाणी शेत नांगरताना किंवा जुन्या वाड्याचा पाया खोदताना शिवराई हाती लागली, तर तिचे काय करावे, हे ठाऊक असायला हवे.

१६७४ मधील राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झालेल्या या नाण्याच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. पेशवाईत आणि कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या काळातही ते चलनात राहिले. त्यामुळे प्रत्येक शिवराई शिवकालीन नसते. अक्षरांच्या जोडीला दोन रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई उत्तरकाळातील मानली जाते. संभाजी महाराजांची ‘श्री राजा शंभु’ अशी अक्षरे असलेली नाणी मात्र दुर्मीळ आहेत. त्यांची समाधी शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे आहे.

खरे-खोटे ओळखण्याची गुरुकिल्ली घडणीत आहे. चीनमध्ये चौकोनी भोकाची नाणी साच्यात ओतली जात. शिवराई मात्र तांब्याच्या तुकड्यावर ठसा ठोकून पाडली जाई. ठसा तुकड्यापेक्षा मोठा असल्याने बरेचदा काही अक्षरे बाहेर राहतात. हा दोष नव्हे. उलट कडेवर साच्याची शिवण, पृष्ठभागावर बारीक छिद्रे आणि बोथट अक्षरे दिसली, तर ती ओतीव नक्कल असण्याचा संशय घ्यावा.

हौशी संग्राहकांकडून होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे चिंच, लिंबू किंवा राखेने नाणे घासणे. त्यामुळे वरील हिरवट थर आणि अक्षरांचे बारकावे जातात. नाणे चकाकते, पण अभ्यासाच्या दृष्टीने मुके होते.

जमिनीत पुरलेला साठा सापडल्यास १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या ठेव्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. माहिती दडविल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र मूळ मालक न आढळल्यास आणि वेगळा करार नसल्यास शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश व जागामालकाला एक चतुर्थांश वाटा देण्याची तरतूदही त्यात आहे. शासनाने तो ठेवा घेतल्यास मोबदला मिळतो.

साठा विखुरला किंवा भट्टीत गेला, की कोणती नाणी कोणाबरोबर सापडली, हा पुरावा कायमचा नाहीसा होतो. एकट्या नाण्यापेक्षा तोच इतिहासाला अधिक मोलाचा असतो.