अंगणातला पाला आणि दंडावरची लस

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव (मेघे) सारख्या वस्तीत औषधाची दोन दुकाने हाताशी असतात. एक रस्त्यावरचे, पाटी लावलेले. दुसरे घरच्या अंगणातले. तुळस, अडुळसा, कोरफड, कडुलिंबावर चढलेली गुळवेल आणि कुंपणापाशी बारमाही फुलणारी सदाफुली. खोकला झाला की आधी अंगण, मग पाटीचे दुकान, आणि ताप हटेनासा झाला की सेवाग्राम किंवा सावंगीचे मोठे इस्पितळ, हा क्रम या भागात बहुतेक घरांच्या अंगवळणी पडलेला आहे. त्यात वावगे काही नाही.

मात्र एक गोष्ट विचार करायला लावते. अंगणातला पाला आपण निःशंकपणे ठेचतो, उकळतो आणि लेकराला पाजतो. किती पाजायचा, कोणी तपासला, हे विचारत नाही. तेच लेकरू लसीच्या तारखेला अंगणवाडीत न्यायचे म्हटले की घरात कुजबुज सुरू होते. ‘ताप येईल’, ‘धडधाकट पोराला सुई कशाला?’ बहुतेक वेळा लस दिली जाते, पण मनातली शंका जात नाही. ही शंका अडाणीपणाची आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तिचा इतिहास पाहिला तर इतके सोपे उत्तर पटत नाही.

देवी आल्या, देवी काढल्या

आपल्या भाषेत रोगाचे नाव ‘देवी’ आणि लस टोचण्याला ‘देवी काढणे’. घरात देवी आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा, रोग्याला त्याच पाल्यावर निजवायचे. या रोगावरची पहिली लस मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली लस. त्यापूर्वी सहा वर्षे, १७९६ साली, इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर या डॉक्टराने ती करून पाहिली होती. त्याला ती कल्पना कोठून मिळाली? गवळणींकडून. गायीच्या आचळांवरचे फोड हाताला लागलेल्या बाईला देवी येत नाहीत, ही तिथल्या खेड्यापाड्यांतली समजूत. म्हणजे लसही मुळात लोकांच्या अनुभवातूनच निघाली. जेन्नरने तो अनुभव कसून पारखला, एवढेच.

सुरुवातीच्या काळात ही लस एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून घेऊन दुसऱ्याच्या दंडाला टोचत. त्यातून दुसरे रोग लागण्याची भीती होती आणि ती खोटी नव्हती. पुढे वासरांपासून लस तयार होऊ लागली, तर धर्माचा प्रश्न उभा राहिला. त्यातच १८९७ साली पुण्यात प्लेगच्या नावाखाली सरकारने घरात शिरून जी जबरदस्ती केली, तिची आठवण महाराष्ट्र विसरला नाही. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत डॉ. हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. पण लोकांच्या मनात राहिला तो सोजिराचा बूट.

सेवाग्रामचा धडा

लसीला विरोध करणाऱ्यांमध्ये एक नाव असे आहे की वर्धेकराने ते नाकारून चालणार नाही. महात्मा गांधी! १९१३ साली ‘इंडियन ओपिनियन’मध्ये त्यांनी आरोग्यावर जी गुजराती लेखमाला लिहिली, तीत देवीच्या लसीवर कडाडून टीका आहे. गायीच्या शरीरातून आलेला द्रव आपल्या अंगात घालणे त्यांना अस्वच्छही वाटे आणि शाकाहाराशी विसंगतही. माती, पाणी, उपवास आणि साधा आहार यांवर त्यांची श्रद्धा होती. साबरमतीच्या आश्रमात देवीने मुले दगावली, तेव्हाही त्यांनी मत सोडले नाही. मात्र शस्त्रक्रियेची वेळ आली तेव्हा, १२ जानेवारी १९२४ रोजी, पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांनी अपेंडिक्सचे ऑपरेशन करून घेतले.

गांधीजी १९३६ साली शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले. १९३९ साली तेथे आलेल्या तरुण डॉक्टर सुशीला नायर यांनी येताच कॉलऱ्याच्या साथीला जवळजवळ एकहाती तोंड दिले. पुढे त्या केंद्रीय आरोग्यमंत्री झाल्या आणि १९६९ साली सेवाग्रामलाच वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. लस नाकारणाऱ्या महात्म्याच्या नावाने चालणाऱ्या संस्थेत आज रोज लस टोचली जाते. याला विसंगती म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. गांधीजींचा आग्रह होता तो माणसाने आपल्या शरीराचा कारभार दुसऱ्यावर सोपवू नये हा. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी त्याला वेगळे उत्तर दिले. त्यांनी विद्यार्थ्यांना गावे दत्तक दिली. डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या गावकऱ्यांनी सुगीत ज्वारी देऊन आपल्या दवाखान्याचा खर्च उचलण्याची योजना चालवली. ज्या इस्पितळाला आपण ज्वारी घातली, ते परके राहत नाही. तिथल्या नर्सबाईला ‘हे कशाचे इंजेक्शन?’ असे विचारता येते.

पाल्याचीही परीक्षा

आता अंगणाकडे वळू. सदाफुलीचा पाला मधुमेहावर चालतो, अशी समजूत अनेक देशांत होती. १९५० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेत शास्त्रज्ञांनी तो तपासला. मधुमेहावर विशेष गुण दिसला नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधे निघाली आणि रक्ताच्या कर्करोगाने हमखास दगावणारी मुले वाचू लागली. पण म्हणून पाला चघळू नये, तो विषारी आहे. शेकडो किलो वाळल्या पानांतून ग्रॅमभर औषध निघते आणि तेही थेंब मोजून द्यावे लागते.

सर्पगंधेची गोष्ट आपल्या अधिक जवळची. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी या मुळीचा रक्तदाबावरचा गुण रोग्यांवर पद्धतशीर पाहिला आणि १९४९ साली इंग्लंडच्या नियतकालिकात मांडला. जगभर तिचा बोलबाला झाला. पुढे त्याच तपासणीने दाखवले की काही रोग्यांना या औषधाने उदासीनता येते. गुण आणि दोष दोन्ही कळले, म्हणून ते शहाणपणाने वापरता आले.

करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचे काढे उकळले. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी असे काढे घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. वेलीची ओळख पटवण्यात चूक झाली असावी, असे म्हटले. वाद कोणाच्याही बाजूने सुटो, आपल्याला त्यातून एक कळते. काढ्यालाही तेच प्रश्न विचारायचे जे लसीला विचारतो. वेल तीच का? किती घ्यायची? किती दिवस? कोणी घेऊ नये?

आणि पाला विरुद्ध सुई हे भांडणच किती पोकळ आहे, ते पुण्यात दिसते. तिथल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या हिवतापाच्या ‘आर-२१’ लसीला जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये पसंती दिली. ती लस जोमाने लागू पडावी म्हणून तिच्यात एक द्रव्य घालतात. ते येते चिली देशातल्या एका झाडाच्या सालीतून. आपल्याकडे रिठ्याने केस धुतात, तशी ती साल तिकडचे लोक साबणासारखी वापरत.

विश्वास कमवावा लागतो

३१ जानेवारी २०२१ रोजी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसी कोपरी गावात बारा बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने बचावली. अशा एका घटनेने किती गावांतल्या आयांचे पाय अडखळले असतील! आणि त्याच देशात २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले होते, तेही घरोघर हिंडणाऱ्या बायांच्या पायपिटीवर. उलट बाजूने, २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ भडकली आणि लेकरे दगावली. त्यांतली अनेक लसीवाचून राहिलेली होती. लस न मिळालेले प्रत्येक घर विरोधकाचे नसते. मजुरी बुडवून केंद्रावर जाणे परवडत नाही, कापूस वेचणीच्या दिवसांत तर नाहीच.

तेव्हा शंका विचारणाऱ्या आईला कोणी हिणवू नये. तिला उत्तर द्यावे. लसीने दोन दिवस ताप का येतो, तो आल्यावर काय करायचे, हे आशाताईने ओट्यावर बसून सांगितले की निम्मी भीती जाते. आणि आईनेही इतके करावे: लसीचे कार्ड जपावे, आणि डॉक्टरांकडे गेल्यावर घरात कोणता काढा चालू आहे ते न लाजता सांगावे. डॉक्टरांनी ते न हसता ऐकावे.

गुळवेल कडुलिंबावर चढते म्हणून कडुलिंब तोडत नाहीत. अंगण राहू द्या. फक्त गोवराला अंगणात उत्तर नाही, ते दंडावरच आहे, एवढे ध्यानी असावे.