पाटाचे पाणी मोजताना

तिरोडा तालुक्यातील चोरखमारा तलावासारख्या मातीच्या पाळीच्या तलावांवर गोंदिया जिल्ह्यात धान पिकते. बांधीला पाणी किती वेळ सोडावे, हे अकरावीच्या विद्यार्थ्याला काढता यावे.

गुडघ्याखाली पाणी असलेला सरळ पाट निवडा. १० मीटर अंतर आखून लाकडाचा तुकडा सोडा. समजा २० सेकंद लागले. वेग सेकंदाला अर्धा मीटर. परंतु तळ व काठ पाण्याला अडवतात, म्हणून सरासरी वेग पृष्ठभागापेक्षा कमी असतो. साधारण ०.८५ ने गुणावे. (खडबडीत पाटात गुणक आणखी कमी.) पाट १ मीटर रुंद, पाणी ४० सेंटिमीटर खोल असेल तर प्रवाह सेकंदाला १७० लिटर. एक हेक्टरात ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ५०० घनमीटर. त्यास सुमारे ४९ मिनिटे. झिरपा धरला तर जास्तच. हिशेब चुकला, की पाटाच्या शेवटच्या बांधीला पाणी पोचत नाही.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला, तो अशाच कामांसाठी: गावाच्या गरजेची कामे करता करता मुलांनी शिकावे. दोन गटांची उत्तरे जुळली नाहीत तर त्यांना कारण लिहायला लावा. प्रयोगशाळेत आमचा निम्मा वेळ त्यातच जातो.