बंदरापासून आठ दिवसांवरची राजधानी

हबशी म्हटले की मराठी वाचकाला मलिक अंबर आठवतो, जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात. पण मलिक अंबरच्या जन्माआधी हजारएक वर्षे त्याच इथिओपियाच्या उत्तर भागात असे एक राज्य होते, की तिसऱ्या शतकातल्या मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या नावावर असलेल्या वचनांत जगातल्या चार थोर राज्यांमध्ये त्याची गणना होते. इराण आणि रोम ही त्यांतली दोन, चौथे बहुधा चीन, आणि उरलेले अक्सुम. हे राज्य मोठे कसे झाले, याचे ठरलेले उत्तर ‘तांबड्या समुद्रावरच्या व्यापारामुळे’ असे आहे. ते चूक नाही. पण अर्धे आहे, आणि राहिलेला अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. व्यापाराने अक्सुमला श्रीमंत केले. राज्य म्हणून उभे केले ते डोंगरावरच्या शेतीने आणि त्या शेतीच्या जोरावर ताब्यात ठेवलेल्या रस्त्याने.

व्यापाराचा पुरावा भरपूर आहे, हे आधी मान्य करू. इ.स. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत अक्सुमच्या अडुलिस या बंदराचे वर्णन आहे. भरुच, सोपारा, कल्याण ही नावे ज्या पुस्तकात येतात, तेच हे पुस्तक. अडुलिसहून हस्तिदंत, कासवाची पाठ आणि गेंड्याची शिंगे बाहेर जात. रोमन जगातून तिथे कापड, काचेचे सामान, पितळ, थोडी दारू आणि नाणी येत. आणि आरियाकेतून, म्हणजे गुजरात ते उत्तर कोकण या पट्ट्यातून, लोखंड, पोलाद आणि सुती कापड जाई. अडुलिसच्या भागातला राजा झोस्कालेस पैशाच्या बाबतीत चिकट पण ग्रीक विद्या जाणणारा होता, अशी नोंदही लेखकाने करून ठेवली आहे. चिकट राजाची तक्रार व्यापाऱ्याने करावी, यात नवल नाही. देब्रे दामो इथल्या मठाच्या परिसरात कुषाण राजांची शंभरावर सोन्याची नाणी सापडली, तेव्हा भारताशी असलेल्या या संबंधाला जमिनीतूनच दुजोरा मिळाला.

मात्र याच ‘पेरिप्लस’मध्ये एक गोष्ट अशी आहे, की ती नीट वाचली तर ‘व्यापार आला म्हणून राज्य आले’ हे सूत्र डळमळते. अडुलिसच्या पुढे आजच्या सोमालियाच्या किनाऱ्यावर बाजारपेठांची रांगच होती. धूप, सुगंधी डिंक, दालचिनी यांना रोममध्ये हस्तिदंताइतकीच मागणी होती आणि तिकडेही इजिप्तची आणि भारताची गलबते जात. तरी लेखक स्पष्ट सांगतो, की त्या किनाऱ्याला राजा नाही. प्रत्येक पेठेचा आपापला म्होरक्या आहे. समुद्र तोच, वारे तेच, गिऱ्हाईकही तेच. मग राज्य एकीकडेच का झाले? शिवाय इजिप्तचे टॉलेमी राजे इ.स.पू. तिसऱ्या शतकातच लढाईचे हत्ती पकडायला या किनाऱ्यावर माणसे पाठवत होते. म्हणजे परदेशी मागणी अक्सुमच्या उदयाआधी कित्येक पिढ्या दारात उभी होती.

फरक किनाऱ्यावर नव्हता, किनाऱ्यामागच्या मुलखात होता. अडुलिसपासून कोलोए गावापर्यंत तीन दिवस आणि तिथून अक्सुमपर्यंत आणखी पाच, असा आठ दिवसांचा चढ ‘पेरिप्लस’ने दिला आहे. व्यापार हाच राज्याचा पाया असता, तर राजधानी बंदरात किंवा बंदराच्या जवळपास असती. ती होती समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराच्याही वर. खाली किनाऱ्यावर उन्हाने करपलेली जमीन; वर पठारावर पावसाळ्यात भरवशाचा पाऊस, काळी-तांबडी माती, बैलांचा नांगर, गहू, जव आणि टेफ नावाचे बारीक धान्य. शिवाय नाईलपलीकडून येणारा हस्तिदंत आधी अक्सुमला जमा होई आणि मगच बंदराकडे उतरे. वाट, धान्य आणि माल या तिन्ही गोष्टी ज्या ठिकाणी एकत्र येत होत्या, तिथे राजा बसला.

धान्यामुळे काय साधते, ते चौथ्या शतकातल्या एझाना राजाच्या शिलालेखात आकड्यांनिशी दिसते. उत्तरेकडच्या बेजा लोकांनी बंड केले. राजाने आपल्या भावांना धाडून ते मोडले; पण कत्तल करून विषय संपवला नाही. सहा प्रमुख आणि त्यांची 4,400 माणसे बायकामुलांसह उठवून दूरच्या प्रदेशात वसवली. त्या काही महिन्यांच्या वाटेवर त्यांना रोज 22,000 गव्हाच्या भाकऱ्या पुरवल्या आणि नंतर 25,140 गुरे दिली. शिलालेखात राजे बढाया मारतात, हे खरे. निम्मे आकडे खोटे धरले, तरी कोठारे, कोठीवाले आणि हिशेबनीस असल्याखेरीज असा दावा करण्याची कल्पनाही सुचत नाही. अडुलिसच्या त्याआधीच्या एका लेखात नाव हरवलेला राजा सांगतो, की त्याने शेजारच्या टोळ्यांना खंडणी द्यायला लावले आणि इजिप्तपर्यंतची वाट सुरक्षित केली. व्यापाऱ्याला हवी असते ती हीच गोष्ट, आणि सोमाली किनाऱ्यावरच्या म्होरक्यांना ती देता येत नव्हती.

सोन्याची कथा तर अधिक बोलकी. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस लिहितो, की अक्सुमचा राजा एक वर्षाआड दूरच्या सासू प्रदेशात आपली माणसे पाठवी. त्यांच्याबरोबर इतर व्यापारी मिळून पाचशेहून अधिकांचा तांडा होई. नेत काय, तर बैल, मीठ आणि लोखंड. तिथे पोचल्यावर काट्यांचे कुंपण घालून ते आत राहत, बैल कापून मांसाचे तुकडे, मिठाचे खडे, लोखंडाचे तुकडे काट्यांवर मांडत. स्थानिक लोक येऊन आवडलेल्या वस्तूजवळ सोन्याचा खडा ठेवून बाजूला होत. मालकाला पटले तर तो सोने उचले. नाही पटले तर तसेच ठेवी, मग समोरचा खडा वाढवी किंवा परत घेई. बोली कळत नसताना चाललेला हा सौदा. जाऊन येऊन सहा महिने लागत आणि परतीची घाई असे ती पावसाळ्याने गाठू नये म्हणून. म्हणजे रोमपर्यंत जाणारे सोने मिळत होते ते पठारावरच्या बैलांच्या बदल्यात.

यावर पहिला आक्षेप जुना आहे: हे सारे अरबस्तानातून आलेल्या वसाहतवाल्यांचे कर्तृत्व. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपीय विद्वान असेच मानत, आणि येहा इथले इ.स.पू. सातव्या शतकाच्या सुमाराचे दगडी मंदिर, तिथली येमेनी लिपी यांचा आधारही त्यांना होता. संबंध होताच, नाकारण्यात अर्थ नाही. पण येहाचा बहर आणि अक्सुमचा उदय यांत कित्येक शतकांचे अंतर आहे. मधल्या काळातली अक्सुमजवळची वस्ती स्थानिक वळणाची आहे. उसनी लिपीही तशीच राहिली नाही: येमेनी लिपीत स्वर लिहीत नसत, अक्सुमच्या गीझ भाषेसाठी एझानाच्या काळात अक्षराच्या आकारातच स्वराची खूण आली. शिवाय पुढे इ.स. 525च्या सुमारास अक्सुमचाच कालेब राजा समुद्र ओलांडून येमेन जिंकायला गेला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेती एवढी महत्त्वाची, तर समुद्र हातचा गेल्यावर अक्सुम का खचले? सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात इराणने येमेन घेतला, पाठोपाठ अरबांची सत्ता आली, आणि सातव्या शतकात अक्सुमची नाणी बंद पडली. राजधानीभोवतीची माती शतकानुशतकांच्या नांगरटीने आणि जंगलतोडीने वाहून गेली असावी, असेही अभ्यासक म्हणतात. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे: बंदर गेले आणि वैभव गेले. पण नांगर, लिपी आणि एझानाने स्वीकारलेला ख्रिस्ती धर्म पठारावर टिकले, दक्षिणेकडे सरकले, आणि लालिबेलाची खडकात कोरलेली चर्चे घडवणाऱ्या राजांपर्यंत पोचले. बंदराच्या जिवावर उभे राहिलेले राज्य बंदराबरोबर बुडते. हे बुडाले नाही.

खुद्द अक्सुमच्या राजांनाही आपला पाया ठाऊक असावा. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस एंडुबिस राजाने सोन्याची नाणी पाडायला सुरुवात केली, तेव्हा वजन रोमन नाण्याशी जुळते ठेवले आणि अक्षरे ग्रीक, कारण ती परदेशी व्यापाऱ्याच्या हाती पडायची होती. मात्र राजाच्या मुखवट्याच्या दोन्ही बाजूंना हस्तिदंत नाही, गलबतही नाही; धान्याची दोन कणसे आहेत.