कायद्यातील ‘पूर्वजपरंपरा’ आणि जात

भारतीय संविधानाच्या १५ व्या कलमात ‘जात’ हा शब्द स्पष्टपणे आलेला आहे. परंतु नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेल्या आपल्या समाजबांधवास तेथे जातीवरून डावलले गेल्यास त्याने कोणत्या कायद्याचा आधार घ्यावा? कॅलिफोर्निया राज्याच्या उदाहरणावरून हा प्रश्न नीट समजून घेता येईल.

या राज्यात दोन कायदे महत्त्वाचे आहेत. १९५९ चा उन्रू नागरी हक्क कायदा दुकाने, उपाहारगृहे आदी व्यवसायसंस्थांमध्ये सर्वांना समान वागणूक मिळण्याची हमी देतो. दुसरा कायदा नोकरी व निवास यांतील भेदभावास प्रतिबंध करतो. दोहोंतही वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ आणि पूर्वजपरंपरा हे आधार नमूद आहेत. ‘जात’ हा शब्द मात्र नाही.

२०२० साली राज्याच्या संबंधित विभागाने सिस्को कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. एका दलित अभियंत्यास जातीमुळे दुय्यम वागणूक मिळाली, असा त्यातील आरोप होता. कंपनीने तो नाकारला. २०२३ मध्ये दोन अभियंत्यांविरुद्धचा दावा विभागाने मागे घेतला, कंपनीविरुद्धचा मात्र पुढे चालू ठेवला. त्याच वर्षी सिएटल नगरपरिषदेने जातिभेदास नाव घेऊन बंदी केली. कॅलिफोर्निया विधिमंडळानेही ‘पूर्वजपरंपरा’ या संज्ञेत जातीचा स्पष्ट समावेश करणारे विधेयक संमत केले. परंतु प्रचलित कायद्यानुसार असा भेदभाव आधीच निषिद्ध आहे, असे कारण देऊन गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी ७ ऑक्टोबर २०२३ रोजी ते नाकारले.

जात ही पूर्वजपरंपरेत मोडते, हा विचार पालि साहित्याच्या अभ्यासकास अपरिचित नाही. दीघनिकायातील अम्बट्ठ सुत्तात भगवान बुद्धांनी जातिवाद आणि गोत्तवाद या दोन बंधनांचा उल्लेख जोडीनेच केला आहे. जन्माचा अभिमान आणि कुळाचा अभिमान यांचे मूळ एकच होय. तथापि गव्हर्नरांचे मत म्हणजे न्यायालयाचा निर्णय नव्हे. शब्द कायद्यात नसल्यामुळे जात म्हणजे काय, हे समजावून सांगण्याचा भार पीडितावरच येऊन पडतो. अनेकजण याच टप्प्यावर मौन स्वीकारण्याचा संभव असतो.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नोकरीतील भेदभावाची तक्रार राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत करावी लागते. तक्रारदारावर सूड उगविणे हेदेखील बेकायदेशीर आहे. तक्रारीत केवळ ‘जात’ असे न लिहिता पूर्वजपरंपरा आणि लागू असल्यास धर्म, वंश, राष्ट्रीय मूळ हे आधारही नमूद करावेत. तसेच घटना, दिनांक व साक्षीदार यांची नोंद त्या त्या वेळीच करून ठेवावी. ज्यांची मुले-मुली तेथे नोकरीस आहेत, त्यांनी एवढी माहिती पत्राने वा दूरध्वनीवरून त्यांना अवश्य कळवावी.