सहलीतील कीटकदंश : उद्यानात आणि गडावर

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठिकाणच्या उद्यानात शाळेची सहल उतरली होती. उसाच्या रसाचा पेला तोंडाला लावताना पाचवीतील एका मुलीच्या ओठाला गांधीलमाशी डसली. शिक्षकांची धावपळ झाली. पण ती चुना आणण्यासाठी. पानाची टपरी सापडून चुना येईपर्यंत पाव तास गेला आणि तेवढ्या वेळात ओठाची सूज गालापर्यंत चढली. मुलगी बरी झाली, ही समाधानाची गोष्ट. तथापि त्या पाव तासात तिचा श्वास नीट चालू आहे की नाही, हे कोणीही पाहिले नव्हते. प्रस्तुत लेखक तेथे उपस्थित होता. त्यालाही ते सुचले नव्हते.

शालेय सहली बहुधा दिवाळीनंतर निघतात. बसची तपासणी होते, पालकांची संमतिपत्रे घेतली जातात, जेवणाची तजवीज होते. कीटकदंशाचा विचार मात्र क्वचितच केला जातो. वास्तविक हिरवळ, फुले, पाणी आणि गोड खाऊ जेथे एकत्र येतात तेथे कीटक असणारच, मग ते लहानसे नगरोद्यान असो वा पाळण्यांचे भव्य मनोरंजन उद्यान.

सर्वांत गंभीर प्रसंग ओढवतो तो आग्या माशीमुळे. पेटीत पाळल्या जाणाऱ्या सातेरी मधमाशीहून ही जात आकाराने मोठी असते. ती अंधारी ढोली शोधत नाही. कड्याच्या कपारीखाली, उंच वृक्षाच्या फांदीला अथवा पाण्याच्या टाकीच्या तळाशी ती एकच मोठे पोळे उघड्यावर बांधते. शिवनेरीसारखे किल्ले व अजिंठ्याची लेणी या ठिकाणी पर्यटकांना तिचा उपद्रव झालेला आहे. धूर, दगड, फटाके किंवा उग्र अत्तर यांमुळे पोळे उठते. एका माशीने नांगी मारली की तिच्यासोबत पिकलेल्या केळ्यासारखा वास असणारे एक द्रव्य बाहेर पडते आणि हा वास म्हणजे इतर माश्यांना हल्ल्याचे निमंत्रणच होय. त्यामुळे जागच्या जागी हात झटकत राहिल्याने दंश वाढतात. चेहरा कापडाने झाकून सरळ धावत जाऊन बंद खोली किंवा बस गाठावी. गडावर मात्र कड्याकडे धाव घेतली जाणार नाही, याची दक्षता प्रथम घ्यावी लागते. तलावात उडी घेणे हा उपाय नव्हे. माश्या पाण्यावर घिरट्या घालीत राहतात आणि डोके वर येताच पुन्हा डसतात.

मधमाशीची नांगी काटेरी असल्याने ती त्वचेत रुतून राहते व तिला जोडलेली विषाची पिशवी काही क्षण विष सोडत असते. नांगी नखाने खरवडावी की चिमट्याने ओढावी, हा वाद निरर्थक आहे. ती तत्काळ निघणे महत्त्वाचे. त्यानंतर साबणाने धुऊन बर्फ किंवा गार पाण्याची घडी ठेवावी. गांधीलमाशी नांगी सोडून जात नाही. म्हणूनच ती पुनःपुन्हा डसू शकते.

एखाद्या व्यक्तीला विषाची तीव्र अधिहर्षता असते. अंगभर गांधी उठणे, जीभ वा ओठ सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, चक्कर येणे ही तिची लक्षणे होत. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार आहे. म्हणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि गोळी देऊन वाट पाहत बसू नये. तोंडात किंवा घशात झालेला दंश तेवढाच गंभीर मानावा. शेकडो माश्या डसल्या असतील तर अधिहर्षता नसतानाही मूत्रपिंडांना इजा संभवते. रुग्ण हिंडता-बोलता दिसला तरी त्याला रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

उद्यानात पोळे आढळल्यास दिवसाढवळ्या टेंभा लावण्याचा मोह ग्रामपंचायतीने टाळावा. ही माशी परागीभवनास उपयुक्त असून ऋतुमानानुसार स्थलांतर करते. त्यामुळे तेवढ्या काळापुरती वाट वळवून फलक लावणे बहुधा पुरते. पोळे हलविणे भागच असेल, तर ते जाणकारांकडून रात्री हलवून घ्यावे.

डासांच्या बाबतीत मात्र जबाबदारी जवळजवळ सर्वस्वी व्यवस्थापनाची आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात दलदलीच्या प्रदेशावर १९७१ साली वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे विशाल मनोरंजन उद्यान सुरू झाले. पनामा कालवा क्षेत्राचे माजी गव्हर्नर जनरल पॉटर यांच्याकडे त्याच्या आखणीचे काम होते. कालवे काढून पाणी वाहते ठेवण्यात आले. पुढे कोंबड्या पाळून त्यांचे रक्त तपासण्याची पद्धतही तेथे अवलंबिली गेली. डासांतून येणारे काही विषाणू कोंबडीला आजारी न पाडता तिच्या रक्तात खूण ठेवतात, त्यावरून आगाऊ इशारा मिळतो. आपल्याकडे एवढा खटाटोप नको. बंद पडलेले कारंजे, कुंड्यांखालच्या थाळ्या आणि झोपाळ्यासाठी टांगलेले जुने टायर पाहिले तरी बरेच साधते. डेंग्यू पसरविणारा एडिस डास दिवसा चावतो व स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारणपणे आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यास सांगितले जाते. त्याची अंडी कोरड्या भांड्यालाही कित्येक महिने चिकटून राहतात. भांडी नुसती पालथी न घालता घासावीत.

वनोद्यानात गवतावर बसण्यापूर्वी सतरंजी अंथरावी. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग परिसरात २०१६ साली माकडतापाचा प्रादुर्भाव झाला होता, तो गोचिडींमुळे. नागपूर भागात २०१८ साली आढळलेला स्क्रब टायफस हा गवतझुडपांतील अतिसूक्ष्म किडीच्या चाव्याने होतो. चाव्याच्या जागी कधी कधी काळी खपली दिसते. अंगाला चिकटलेली गोचीड रॉकेल लावून किंवा चटका देऊन काढू नये. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी.

या आजारांचा ताप सहलीहून परतल्यानंतर काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीही येतो आणि तोपर्यंत सहल विस्मृतीत गेलेली असते. संमतिपत्रासोबत पालकांना सहलीचे स्थळ व तारीख लिहिलेली एक चिठ्ठी द्यावी. ताप आल्यास ती डॉक्टरांना दाखविता येते. त्याच पत्रात पाल्याला पूर्वी मधमाशीच्या दंशाने त्रास झाला होता काय, हेही विचारून घ्यावे.