सुट्टीतली आमची पुस्तकपेटी



आता परीक्षा संपत आली. मे महिन्यात सुट्टी लागेल, ती जूनच्या मध्यावर शाळा उघडेपर्यंत. म्हणजे सुमारे ४० दिवस. सुट्टीत खेळावे, पोहायला शिकावे, मामाच्या गावाला जावे, कैऱ्या खाव्यात. पण वाचन सोडू नये. का ते सांगते.

मी दुसरीतून तिसरीत गेले, त्या सुट्टीत मी एक अक्षरही वाचले नाही. जूनमध्ये गुरुजींनी मला धडा वाचायला उभे केले. शब्द ओळखीचे वाटत होते, पण जोडाक्षर आले की मी अडखळायची. मुले हसली. घरी येऊन मी रडले. आजी म्हणाली, "रडती कशाला माय? विळा माळ्यावर टाकला की गंजतोच. घासला की पुन्हा चालतो."

आजी शाळेत गेलेली नाही, पण तिचे म्हणणे खरे आहे. रोज वाचले की शब्द पाहताच ओळखू येतो. वाचन सोडले की पुन्हा एकेक अक्षर लावत बसावे लागते. सगळे लक्ष अक्षरांकडेच जाते आणि गोष्ट काय आहे ते कळतच नाही. पाढ्यांचेही तसेच आहे.

म्हणून तिसरीची परीक्षा झाल्यावर मी बाबांच्या मागे लागले. त्यांचे छत्रपती संभाजीनगरला काम होते. ते मला एस.टी.ने सोबत घेऊन गेले. काम झाल्यावर आम्ही औरंगपुऱ्यात गेलो. तिथे भाजीमंडई आहे आणि पुस्तकांची दुकानेही पुष्कळ आहेत. सरस्वती भुवन ही १९१५ सालची जुनी संस्था तिथेच आहे. चौकात महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांचा पुतळा आहे. त्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. बाबा म्हणाले, "पाया पड. यांच्यामुळं तू शिकती." मी पाया पडले.

मग आम्ही जुनी पुस्तके पाहिली. शंभर रुपयांत सात पुस्तके आली. एकाचे पुठ्ठे फाटलेले होते, पण आतली पाने सगळी होती. घरी आल्यावर मी एका कागदाला खळ लावून पुठ्ठे चिकटवले.

सात पुस्तके मी दहा दिवसांत वाचून टाकली. मग काय करावे? आम्ही आंब्याची एक रिकामी लाकडी पेटी घेतली. तिच्यात माझी सात पुस्तके ठेवली. कोणी जुना 'किशोर' अंक आणला, कोणी मोठ्या भावाचे गोष्टींचे पुस्तक आणले. सगळी मिळून एकोणीस झाली. पेटी मारुतीच्या पारावर ठेवायची आणि संध्याकाळी घरी न्यायची. नियम तीनच केले : एका वेळी एकच पुस्तक, वहीत नाव लिहायचे, पान दुमडायचे नाही.

आमच्या वर्गातली एक मैत्रीण दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडणीला जाते आणि उन्हाळ्यात परत येते. तिचे वाचन फार मागे पडले होते. ती पाराजवळ यायची आणि नुसती चित्रे पाहायची. मी तिला म्हणाले, "तू एक ओळ वाच, मी एक ओळ वाचते." पहिल्या दिवशी एक पान वाचायला आम्हाला फार वेळ लागला. शाळा उघडली तेव्हा तिने वर्गात पूर्ण धडा वाचला. कोणी हसले नाही.

आणखी एक गोष्ट. मी रात्री आजीला वाचून दाखवायची. एके दिवशी तिने ट्रंकेतून एक घडी घातलेला कागद काढला. मी तो वाचला. हयातीचा दाखला दिला नाही तर तिचे पैसे थांबणार होते, आणि तारीख जवळ आली होती. बाबांनी दुसऱ्याच दिवशी तिला नेऊन दाखला दिला. आजीने माझी दृष्ट काढली.

पेटीची ही युक्ती काही नवी नाही. गुरुजींनी सांगितले की, सयाजीराव गायकवाड हे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे. १८७५ साली ते बडोद्याला दत्तक गेले तेव्हा १२ वर्षांचे होते. त्यांचे खरे शिक्षण तिथेच सुरू झाले. पुढे त्यांनी राज्यात मोफत वाचनालये काढली आणि गावोगावी पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. सातारा जिल्ह्यातले भिलार हे ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव झाले. तिथे लोकांच्या घरांत पुस्तके ठेवलेली असतात आणि कोणीही जाऊन वाचू शकतो. आपल्या संभाजीनगरातही २०२१ साली एका शाळकरी मुलीने मोहल्ल्यातल्या मुलांसाठी वाचनालय सुरू केले.

पुस्तक नसले तरी वाचता येते. बियाण्याची पिशवी, एस.टी.ची पाटी, दिनदर्शिका, किराण्याचा कागद, सगळे वाचावे. आठवडी बाजारात आईबरोबर हिशोब करावा. आजीच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून घ्याव्यात. घरी मोबाईल असेल तर 'किशोर'चे जुने अंक त्यावर फुकट वाचायला मिळतात. रोज चार पाने वाचली तर ४० दिवसांत १६० पाने होतात. थेंबे थेंबे तळे साचे.

पालकांना माझी विनंती आहे. सुट्टीत मुलांना कामे जरूर सांगा, पण रात्री दहा मिनिटे त्यांचे वाचन ऐका. तुम्हाला वाचता येत नसले तरी चालेल. माझ्या आजीला येत नाही, पण मी शब्द गाळला की तिला बरोबर कळते.

आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. जूनपासून आम्ही पाचवीला दुसऱ्या गावी जाऊ. पेटीत आता एकतीस पुस्तके आहेत. ती आम्ही तिसरीच्या मुलांकडे देत आहोत. वही सोबत आहे. पेटी माळ्यावर टाकू नका.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी