विश्लेषण : एकाच स्क्रिप्टची ‘मुले’ एकमेकांच्या फाइलवर का लिहितात?

सर्व्हरवर मध्यरात्री बॅकअप घेणारी स्क्रिप्ट दोन कामे एकाच वेळी पार्श्वभूमीत सोडते. सकाळी नोंद दिसते ‘यशस्वी’, मात्र तात्पुरती फाइल एकच आणि तीही अर्धवट. बॅशमध्ये काम करणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. गोंधळ बहुतेकदा ओळख क्रमांकाचा असतो.

मुले जन्मतात कशी?

लिनक्समध्ये चालू असलेल्या प्रत्येक प्रोसेसला क्रमांक असतो, त्याला पीआयडी म्हणतात. ‘फोर्क’ ही युनिक्सच्या काळापासूनची सूचना चालू प्रोसेसची प्रत काढते. गंमत अशी, की फोर्क एकदाच बोलावले जाते, पण उत्तर दोघांना मिळते : पालकाला मुलाचा क्रमांक आणि मुलाला शून्य. पायथन किंवा पर्लमध्ये फोर्क वापरताना हा फरक प्रोग्रामरलाच तपासावा लागतो. बॅशमध्ये आदेशाच्या शेवटी ‘&’ लावले की पुरे.

मग घोळ कुठे होतो?

‘$$’ म्हणजे स्वतःचा क्रमांक, असे बहुतेक जण शिकतात. ते अर्धेच खरे. ‘&’ लावून सोडलेल्या उपशेलमध्येही ‘$$’ मूळ शेलचाच क्रमांक सांगतो. हा दोष नव्हे, नियमच आहे. त्यामुळे दोन मुलांनी ‘$$’ वापरून फाइलला नाव दिले, तर दोघांची फाइल एकच होते. २००९ मध्ये आलेल्या बॅश ४ मधील ‘बॅशपीआयडी’ हे व्हेरिएबल मुलाचा खरा क्रमांक देते. अर्थात तात्पुरत्या फाइलसाठी ‘एमकेटेम्प’ हा आदेशच बरा, क्रमांकांची उठाठेव नको. पालकाला शेवटच्या मुलाचा क्रमांक ‘$!’ मध्ये मिळतो. पुढचे मूल सोडताच तो बदलतो, म्हणून लगेच टिपून ठेवावा लागतो.

टिपलेला क्रमांक कायमचा असतो का?

नाही. लिनक्समध्ये पीआयडीची पूर्वापार मर्यादा ३२,७६८. ती गाठली की मोकळे झालेले क्रमांक पुन्हा वाटले जातात. मूल कधीच संपले, क्रमांक फाइलमध्ये तसाच राहिला आणि रूट खात्यातून त्यावर ‘किल’ चालवले, तर बळी भलत्याच प्रोसेसचा जातो, कदाचित डेटाबेसचाही. त्यापेक्षा ‘वेट’ला तो क्रमांक देऊन थांबावे. मुलाचा निकालही त्यातून कळतो : शून्य म्हणजे काम फत्ते, दुसरा आकडा म्हणजे बिघाड. क्रमांक न देता केलेले ‘वेट’ सगळ्या मुलांसाठी थांबते खरे, पण परत देते ते शून्यच. सकाळचे ते ‘यशस्वी’ अनेकदा इथूनच आलेले असते.